मेणमातीचा कावळा आणि सिलिकॉनचा चिकट साचा

काकदृष्टी:
दीड महिना एका कावळ्याच्या मागे आहे. वीतभर उंच, मान जराशी तिरकी, सगळा भार एका पायावर. आत ॲल्युमिनियमच्या तारेचा सांगाडा, वर मेणमाती. पिसं एकेक करून टाचणीने आणि संपलेल्या बॉलपेनच्या टोकाने ओढली. पाठीवरची तर तीनदा पुसून पुन्हा काढली.

साचा करायची ही पहिलीच वेळ. सिलिकॉनचे दोन डबे, अ आणि ब, दोन्ही समसमान घ्यायचे. वजनकाट्यावर मोजून घेतले, कडा खरवडून खरवडून ढवळलं, बुडबुडे फुटावेत म्हणून उंचावरून बारीक धार धरून ओतलं. दुसऱ्या दिवशी पेटी सोडवली. बाहेरून झकास रबर, बोट दाबलं की उसळतंय. कावळा बाहेर काढला आणि आतून पाहते तर मातीला टेकलेला सगळा भाग गोंदासारखा चिकट! पिसांच्या रेघा त्या चिकट्यात बुडाल्या. आज चौथा दिवस, तरी तसंच आहे.

माझं चुकलं कुठे? आणि हे वाळेल का कधी?

उचापती:
ब कमी पडला असणार. पुढच्या वेळी थोडा जास्त घाला, काम होईल.

साचेबंद:
उचापती, अहो, नका सांगू असं. समसमान प्रमाणाच्या सिलिकॉनमध्ये एक भाग वाढवला तर दुसऱ्याला जोडीदार कमी पडतो, आणि मग सगळाच साचा बिघडतो. शिवाय प्रमाण चुकलं असतं तर बाहेरची बाजूही चिकट राहिली असती. ताईंचं फक्त मातीला लागलेलं बिघडलंय, म्हणजे गुन्हेगार माती.

ताई, मेणमातीच्या बऱ्याच प्रकारांत गंधक असतं. तुमचं सिलिकॉन बहुतेक प्लॅटिनमवर घट्ट होणारं आहे, समसमान प्रमाणाचं सहसा तेच असतं. गंधकाची आणि त्या प्लॅटिनमची गाठ पडली की प्लॅटिनमचं काम तिथेच बंद. म्हणून तो थर चार दिवसांत काय, चार वर्षांतही वाळणार नाही. लेटेक्सचे हातमोजे घातले होते का? तेही हाच घोळ करतात. व्हिनाइलचे चालतात.

वाटा दोन. एक, गंधक नसलेली माती घ्यायची. दोन, टिनवर घट्ट होणारं सिलिकॉन घ्यायचं, त्यात दुसरा भाग अगदी थोडा पडतो. त्याला गंधकाचं वावडं नाही. मात्र ते जास्त आकसतं आणि काही वर्षांनी साचा फाटायला लागतो. मातीवर लाखेचा किंवा ॲक्रिलिकचा हात देऊन प्लॅटिनमच वापरणारेही आहेत. माझ्याकडे एकदा जमलं, एकदा मानेच्या खाचेत हात नीट पोचला नाही आणि तेवढीच मान चिकट राहिली. काहीही करा, पण आधी त्याच मातीच्या गोळीवर चमचाभर सिलिकॉन ओतून रात्रभर ठेवून बघा. ही गोळी मी दोन आख्खे साचे फेकल्यावर शिकलो.

लगदू:
मला वेगळंच विचारायचंय. साच्यातून काढणार काय? रेझिन की कागद?

काकदृष्टी:
कागद! लगद्याचे पाच-सहा कावळे करून एका फांदीवर बसवायचेत. हातमोजे लेटेक्सचेच होते (कपाळावर हात).

लगदू:
मग सिलिकॉन हवंय कशाला? सिलिकॉन पाणी पीत नाही. लगदा आत ओलाच बसून राहतो, आठवड्याने वास मारायला लागतो. प्लास्टरचा साचा करा. प्लास्टर पाणी ओढून घेतं, आणि लगदा वाळताना आकसून आपणहून कडेने सुटतो.

पाण्यात प्लास्टर भुरभुरायचं, प्लास्टरवर पाणी ओतायचं नाही. पाण्यावर कोरडी बेटं दिसायला लागली की थांबायचं, दोन मिनिटं मुरू द्यायचं, मग हवा न घुसवता सावकाश ढवळायचं. कावळ्याला निदान दोन भाग लागतील. पहिला भाग घट्ट झाला की त्याच्या काठावर वाटीसारख्या दोन-तीन खळग्या कोरा, म्हणजे दुसरा भाग जागेवर बसेल. काठाला साबणाचं पाणी किंवा व्हॅसलिन लावायला विसरू नका, नाहीतर दोन्ही भाग एकजीव होतील. साच्याच्या आत मात्र व्हॅसलिनचं बोट लावू नका, छिद्रं बुजली की पाणी ओढणं बंद. पाय साच्यात घेऊच नका, तारेचे वेगळे करा.

लगद्याचा पहिला थर बिनगोंदाचा. गोंद घातलात तर तो प्लास्टरलाच धरून बसेल. पातळ दाबा, स्पंजने पाणी टिपा, मग पुढच्या थरात गोंद. आणि भांड्यातलं उरलेलं प्लास्टर बेसिनमध्ये ओतू नका. पाइपात दगड होतो.

काकदृष्टी:
तीन आठवड्यांनी येतेय. आधी साचेबंदांची गोळी केली, चिकटच निघाली, म्हणजे माती गंधकवालीच. मग मेणमातीवर सरळ प्लास्टर ओतलं. साचा सुटला. मूळ कावळा मात्र काढताना फाटला, त्याचं एवढं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं.

लगद्याचे दोन कावळे निघाले. पिसं सिलिकॉनमध्ये आली असती तेवढी धारदार नाहीत, जराशी भिजल्यासारखी दिसतात. मला तीच जास्त आवडली. अडलंय ते चोचीपाशी. चोचीच्या टोकात लगदा जातच नाही, आणि गेलाच तर काढताना तुटतो.

कात्रीबहाद्दर:
चोच कागदाचीच करा, पण लगद्याची नको. दोनशे ग्रॅमचं (म्हणजे चौरस मीटरला दोनशे ग्रॅम भरणारं) कार्ड घ्या. आधी ते दोन्ही बाजूंनी हलकं वाकवून बघा. एका बाजूने सहज वळतं, दुसऱ्या बाजूने अडतं. सहज वळताना जी घडीची रेघ दिसते तिकडे त्याचे तंतू धावतात. चोचीची लांबी त्याच रेघेवर ठेवा, म्हणजे शंकू न मोडता गोल वळेल. वरची आणि खालची चोच वेगळी कापा, वरचीच्या मधोमध बॉलपेनने रेघ दाबून मगच दुमडा. मागे दोन जिभा सोडा, त्या लगदा ओला असतानाच डोक्यात खुपसा.

काकदृष्टी:
बसली! तिसऱ्या कावळ्याला पहिल्याच फटक्यात. जिभा खुपसताना त्याचं डोकं थोडं मागे गेलं, आता तो वर आभाळाकडे बघतोय. फांदीवर त्यालाच सगळ्यात वर बसवणार आहे.