किती थांबायचं ते आजारावर ठरतं
‘एवढ्याशा जिवाला चिरफाड नको, वजन वाढू द्या’ हा सल्ला हृदयात जन्मजात दोष असलेल्या प्रत्येक बाळासाठी कृपा करून सरसकट देऊ नका. हृदयाला छिद्र असेल तर कित्येकदा थांबता येतं. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांचीच जन्मतः अदलाबदल झालेली असेल तर शस्त्रक्रिया साधारण पहिल्या काही आठवड्यांतच करावी लागते. माझा भाचा तसाच, ओठ निळे पडलेला.

आणखी एक गोष्ट. शस्त्रक्रियेसाठी सोलापूरहून पुण्याला नेताना अशा बाळाला प्रोस्टाग्लँडिन हे औषध सतत चालू ठेवतात, म्हणजे हृदयाजवळची, जन्मानंतर मिटणारी रक्तवाहिनी उघडी राहते. पण त्याच औषधानं बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो! म्हणून साधी गाडी नकोच, श्वासनळीत नळी घालू शकणारा डॉक्टर सोबत हवा. वाटेत टेंभुर्णीपाशी आमच्या सिस्टर औषध सोडणाऱ्या पंपाची बॅटरी पुन्हा तपासत होत्या. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून हृदयशस्त्रक्रियेला मदत मिळते, निघण्याआधीच विचारा.