ला निना आहे म्हणून स्नो प्लाऊचं सीझन कॉन्ट्रॅक्ट सोडायचं का?

फ्रेमिंगहॅमकर (ऑक्टोबर २०२४)
नोआचा (अमेरिकेच्या सरकारी हवामान संस्थेचा) हिवाळ्याचा आउटलुक आला. ला निना, म्हणजे पॅसिफिकचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा थंड, व्हायची शक्यता ६० टक्के आणि न्यू इंग्लंड, म्हणजे आपला बॉस्टनकडचा भाग, नेहमीपेक्षा उबदार राहण्याकडे कल. त्यात बॉस्टनचे मागचे दोन हिवाळे बघा, बर्फ पडला २०२२-२३ ला १२.४ इंच, २०२३-२४ ला ९.८. ड्राइव्हवेवरचा बर्फ काढणारा प्लाऊवाला सीझनचे एकरकमी पैसे मागतोय, नाहीतर दर खेपेचे वेगळे. गेल्या वर्षी मी एकरकमी भरले आणि तो जेमतेम दोनदा आला. दोन्हीकडून एकच उत्तर येतंय, मग यंदा पैसे कशाला अडकवायचे?

आकडेवेडा
अहो पण तो आउटलुक बर्फाचा नाहीच! तापमान आणि एकूण पाऊसपाणी, तेही नेहमीपेक्षा जास्त की कमी याची फक्त शक्यता. आणि ला निनाचं म्हणाल तर २०१०-११ ला निना होता, बॉस्टनला ८१ इंच पडला. पुढच्याच २०११-१२ ला पण ला निना, तेव्हा ९.३ इंच. पॅसिफिक दोन्ही वर्षी थंडच होता, फरक पडला तो उत्तर अटलांटिकवरच्या हवेच्या दाबामुळे, २०१० च्या डिसेंबरात ग्रीनलंडकडे हाय प्रेशर ठाण मांडून बसलं आणि थंडी खाली आपल्याकडे उतरली, पुढच्या वर्षी ती बराच काळ उत्तरेतच कोंडून राहिली. ही मांडणी ऑक्टोबरात भरवशाने सांगता येत नाही.

वेस्टबरोची मावशी
म्हणून लाँग रेंज फेकून द्यायचं का? मी एका टाउनसाठी रस्त्यावरच्या मिठाची ऑर्डर बघते. मला बर्फ पडायची वाट बघून चालत नाही, उन्हाळ्यातच ठरवावं लागतं, तेव्हा मागच्या सीझन्सचे आकडे हाच आधार. पुढे आउटलुकने पारडं थोडं जरी एका बाजूला झुकवलं तरी दहा-पंधरा वर्षांत त्याचा फायदा दिसतो. एका वर्षावरून त्याला खोटं ठरवणं बरोबर नाही.

आकडेवेडा
मावशी, टाउनकडे पंधरा वर्षं असतात, यांच्याकडे एकच हिवाळा आहे. २०१५ आठवा ना, जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत बॉस्टन कोरडंच होतं, मग एकट्या फेब्रुवारीत ६४.८ इंच आणि सीझनचा रेकॉर्ड ११०.६. आणि १९९७ ला तर ३१ मार्च-१ एप्रिलच्या एकाच वादळात २५.४ इंच, त्या सीझनचा जवळजवळ निम्मा बर्फ! वादळ पन्नास मैल इकडे-तिकडे सरकलं की किनाऱ्यावर नुसता पाऊस, किनाऱ्यापासून आत असलेल्या तुमच्या फ्रेमिंगहॅमला मात्र फूटभर स्नो. बॉस्टनचा बर्फ किनाऱ्यावरच्या लोगन एअरपोर्टला मोजतात, ते आकडे घेऊन तुमच्या ड्राइव्हवेचा हिशोब करू नका.

मूळचा साताऱ्याचा
आमचे आबा दर वर्षी पंचांगात नक्षत्राचं वाहन बघायचे, बेडूक की म्हैस की गाढव, रेडिओवरचा मान्सूनचा अंदाजही ऐकायचे, पण चांगली ओल झाल्याशिवाय पेरायचे नाहीत, कारण दुबार पेरणीचं बियाणं परवडणारं नव्हतं. त्यामुळे मला कोणता अंदाज खरा हा वाद महत्त्वाचा वाटतच नाही. चुकला तर कुणाचं काय जातं ते बघा. आमच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि मी कामासाठी बाहेरगावी असतो, मी डोळे झाकून सीझनचं घेतो. तुम्ही घरी असाल, स्नो ब्लोअर (बर्फ उडवायचं मशीन) असेल, तर खेपेवर राहा.

फ्रेमिंगहॅमकर
घरी आम्ही दोघं आहोत, ब्लोअर आहे. पण ८१ आणि ९.३ वाचून हललो खरा, मला वाटलं होतं ला निना म्हटलं की ठरलंच. तरी मागची दोन्ही वर्षं इतकी कोरडी गेली ती उगाच नाही, हिवाळे गरम होतायत हे तुम्ही सोडून देताय.

वेस्टबरोची मावशी
गरम होतायत हे अगदी खरं, पण गरम समुद्रावरून आलेल्या वादळात ओलावाही जास्त असतो, थंडी सापडली तर तोच ढिगाने पडतो. ते असू दे, आधी कॉन्ट्रॅक्ट नीट वाचा. किती इंच पडल्यावर तो येणार लिहिलंय?

फ्रेमिंगहॅमकर
आत्ता बघितलं. तीन इंच.

वेस्टबरोची मावशी
मग दोन-अडीच इंच पडला की तो येणारच नाही, एकरकमी भरूनसुद्धा तुम्हालाच ब्लोअर काढावा लागणार. आधी त्याच्याकडून दोन इंच लिहून घ्या, मग घ्यायचं की नाही ते बोलू.