भावंडाच्या कॅन्सर उपचारांत सोबत करताना: तुमचे अनुभव लिहा

माझ्या धाकट्या बहिणीची केमो संपून आता वर्ष होईल. गाठ, तपासण्या, स्टेज यांवर डॉक्टर भरपूर बोलले होते. पण दोन केमोंच्या मधले दिवस घरात कसे काढायचे, हे आम्हांला चुकतमाकतच कळलं. त्यात भावंडाचं नातं निराळं. आईसमोर 'बरी आहे मी' म्हणणारी ती, दार लोटलं की माझ्याजवळ रडायची. तिला खरं काय होतंय ते सगळ्यांत आधी मला कळायचं आणि डॉक्टरांपर्यंत तेही मीच न्यायचं. ज्यांनी भावाला किंवा बहिणीला अशी सोबत केली आहे, त्यांनी जरूर लिहा. काय उपयोगी पडलं आणि काय चुकलं, दोन्ही.

माझी चूक आधी सांगते. पहिल्या केमोनंतर दहाव्या दिवशी संध्याकाळी तिचं अंग गरम लागलं. ताप १००.६. 'दमलेय गं ताई, पॅरासिटामॉल दे, सकाळी बघू,' म्हणाली. मी गोळी दिली, ताप उतरला, आम्ही झोपलो. पहाटे ती थंडीने थडथडत होती आणि तिला नीट उभंही राहता येत नव्हतं. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यांत कमी होतात. तेव्हा ताप १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअसला पोचला, की रात्र असो वा सुट्टी, लगेच फोन करायचा. विचारल्याशिवाय गोळी द्यायची नाही, कारण ताप झाकला जातो आणि आत संसर्ग वाढत राहतो. हे सगळं फाइलमधल्या कागदावर छापलेलं होतं. मी तो कागद वाचलाच नव्हता. वेळेत अँटिबायोटिक्स सुरू झाली आणि ती सावरली. पण ती पहाट माझ्या मनातून गेलेली नाही.

*

माझ्या दादाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता, औषध ऑक्सॅलिप्लॅटिन. तोंड येऊ नये म्हणून केमोच्या वेळी बर्फ चघळावा, असं कोणीतरी सांगितलं होतं. काही औषधांना तो चालतोही. पण ऑक्सॅलिप्लॅटिनमध्ये गारवा सोसत नाही. घरी येऊन तो फ्रीजमधलं पाणी प्यायला आणि घसा असा आवळला, की श्वास अडकला असं त्याला वाटलं. नंतर फ्रीज उघडायचा तर हातमोजे घालून.

खरा प्रश्न पुढे आला. बोटांना मुंग्या यायच्या, त्या दोन केमोंच्या मधल्या दिवसांतही जाईनात. शर्टाची बटणं त्याला लावता येत नव्हती. हे त्याने वहिनीपासूनही लपवलं, कारण डोस कमी केला तर आजार परत येईल अशी त्याला धास्ती होती. मला म्हणाला, 'तू डॉक्टरांना बोललास तर बघ.' मी बोललो. डॉक्टरांनी डोस उतरवला आणि दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. हा बधिरपणा औषध थांबल्यावरही काही महिने वाढत राहू शकतो, हे मला तेव्हा माहीत असतं तर मी आणखी आधी बोललो असतो. आता बटणं लावता येतात, पायाचे तळवे मात्र अजून बधिर आहेत.

*

थोडंच लिहिते. केस गळायच्या आधी बहिणीची टाळू दुखायची, उशीवर डोकं टेकवेना. केस जाणार हे सगळ्यांनी सांगितलं होतं, दुखतं हे कोणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात तिने मलाच मशीन फिरवायला लावलं. फिरवताना आम्ही दोघी एक शब्दही बोललो नाही.

*

भावाला रक्ताचा कॅन्सर. आम्ही तिघं भावंडं. सख्ख्या भावंडाचं एचएलए, म्हणजे शरीर आपलं-परकं ज्यांवरून ओळखतं त्या पेशींवरच्या खुणा, पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. माझं जुळलं, धाकटीचं नाही. त्या दिवशी ती खूप रडली.

रक्त तयार करणाऱ्या माझ्या पेशींचं त्याच्यात प्रत्यारोपण झालं. त्यानंतर काही आठवड्यांनी त्याच्या तळहातांवर, छातीवर लाल चट्टे उठले, मग जुलाब सुरू झाले. दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीराला परकं समजून त्यावर चालून जातात, असं डॉक्टरांनी समजावलं. म्हणजे माझ्याच पेशी त्याला छळत होत्या. मी खोलीबाहेर बसून राहायचे, आत जायचा धीर व्हायचा नाही. शेवटी त्यानेच बोलावलं. म्हणाला, 'ताई, त्या रुजल्यात म्हणून तर भांडतायत.' प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वाढवली आणि हळूहळू चट्टे गेले. माझा रक्तगट ओ, त्याचा बी होता. पुढे त्याच्या रिपोर्टवरही ओ आला. तो कागद मी जपून ठेवला आहे.

*

माझा धाकटा भाऊ सध्या तिसऱ्या केमोत आहे. सुरुवातीला मी त्याच्या मागे 'खा, खा' म्हणून लागायचे. एकदा ताट सरकवून म्हणाला, 'ताई, प्रत्येक घास लोखंडासारखा लागतो, मी काय करू?' तेव्हापासून आग्रह बंद. स्टीलचा चमचा बदलला. अन्न गरम असलं की वासाने मळमळतं, म्हणून निवू देते. त्याला हवं तेव्हा, हवं तेवढं. तोंड आलं की मीठ आणि खायच्या सोड्याच्या पाण्याने गुळण्या, हे नर्सने शिकवलं. उलटीच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, हे त्याने पाच दिवस लाजेने सांगितलं नव्हतं. आता मी रोज सरळ विचारते.

स्टेरॉइडच्या दिवसांत त्याला झोप येत नाही. रात्री दोनला हाक मारतो, 'जागी आहेस?' मी उठून बसते. बरेचदा आम्ही काहीच बोलत नाही.

वर तापाबद्दल वाचलं. आज त्याचा आठवा दिवस. थर्मामीटर उशाशी आणून ठेवला आहे, आणि तो फाइलमधला कागद काढून फ्रीजवर लावला आहे.