मदत हवी आहे: मुलींच्या वसतिगृहाच्या भिंतीवर सहा सुपरहिरो बायका काढायच्यात, कोणत्या घेऊ?

गेरू_पंचवटी

नमस्कार मंडळी. मी पंचवटीत राहतो, धंद्यानं पेंटर. आधी दुकानांच्या पाट्या आणि ट्रकची फाळकी रंगवायचो. फ्लेक्स आल्यापासून पाट्यांचं काम गेलं, आता शाळा-अंगणवाड्यांच्या भिंती करतो. कॉमिक्समधलं कळणाऱ्यांची मदत हवी आहे, आणि जरा लवकर हवी आहे.

दिंडोरी रोडला मुलींचं एक वसतिगृह आहे. सुरगाणा, पेठ, कळवणकडच्या मुली तिथं राहून शिकतात, आठवी ते बारावी. कंपाउंडच्या भिंतीची आतली बाजू रंगवायची आहे. दर दहा फुटांवर खांब, असे सहा कप्पे. वसतिगृहाच्या बाईंनी मुलींनाच विचारलं काय काढायचं, तर त्या म्हणाल्या फुलं नकोत, हरणं नकोत, सुविचार तर नकोतच. सुपरहिरो पाहिजेत, पण बाया. मृग लागायच्या आत काम संपवायचं आहे, कारण ओल्या भिंतीवर रंग मारला तर दिवाळीपर्यंत पोपडे निघतात.

मी लहानपणी मराठी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचलाय. वहीच्या मागच्या पानावर त्याची कवटीची अंगठी किती वेळा काढली असेल, मोजदाद नाही. पण त्यात बाई म्हणजे वेताळाची डायना, आणि ती काही सुपरहिरो नव्हे. म्हणून भाचीला विचारलं. तिनं चौदा नावं आणि मोबाइलवर चौदा चित्रं पाठवली. ती बघत मी भिंतीसमोर अर्धा तास उभा राहिलो. सगळ्या उंच, सगळ्यांचे केस उडतायत, सगळ्यांचे कपडे अंगाला चिकटलेले. चेहरा हातानं झाकला तर कोण कुठली ते मला तरी सांगता येईना.

मग एक करून बघितलं. वर्तमानपत्राच्या कागदावर चौदा जणींच्या नुसत्या काळ्या सावल्या भरल्या, आत डोळे नाहीत की रंग नाही, आणि भिंतीला चिकटवल्या. संध्याकाळी मुली चहाला बाहेर आल्या तेव्हा विचारलं, ओळखा. वंडर वुमन सगळ्यांनी ओळखली, कंबरेच्या दोरावरून. दोन शेंड्यांवरून हार्ली क्विन बऱ्याच जणींनी ओळखली. बाकी बारा सावल्यांपुढे सगळ्या गप्प.

माझा प्रश्न इथंच आहे. आमच्याकडं सप्तशृंगीचं चित्र काढताना अठरा हात मागाहून येतात, आधी मान. देवीची मान जराशी कलती असते, समोरच्या डोंगरावरून मार्कंडेय ऋषी पुराण सांगतात ते ती ऐकते म्हणून. ती मान बरोबर कलली की खाली नाव लिहावं लागत नाही. गडावर कधी न गेलेला माणूसही हात जोडतो. तर या कॉमिक्समधल्या बायकांची 'कलती मान' कोणती? कुणाकडं अशी एकेक खूण आहे, आणि कोण नुसत्याच गाजलेल्या आहेत? मला सहा जणी हव्यात. ज्यांना जग ओळखतं अशा हव्यात, आणि त्यातल्या एकदोघी तरी या मुलींना आपल्या वाटाव्यात.

अजून एक. हार्ली क्विन घ्यावी का? मुलींना आवडते, पण ती मुळात खलनायकाच्या बाजूची ना? माझं मन घेत नाही.

जुनी_पेटी

पेंटरदादा, सावल्यांची परीक्षा फार आवडली. मी कॉलेज रोडला असतो, पस्तीस वर्षं कॉमिक्स जमवतोय. सविस्तर लिहितो.

वंडर वुमनबद्दल वादच नाही. १९४१ च्या शेवटी आली आणि तेव्हापासून जवळजवळ सलग छापली जातेय. तिचा लेखक विल्यम मार्स्टन मानसशास्त्रज्ञ होता. खोटं बोलताना माणसाचा रक्तदाब कसा बदलतो यावर त्यानं काम केलं होतं, आणि खोटं पकडायच्या यंत्राच्या इतिहासात त्याचं नाव येतं. आता तिच्या हातातला दोर आठवा, त्यात अडकलेल्या माणसाला खरंच बोलावं लागतं. म्हणजे दोर नुसता शोभेचा नाही. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या 'मिस' या स्त्रीवादी मासिकानं पहिल्या नियमित अंकाच्या मुखपृष्ठावर तिलाच घेतलं, आणि १९७५ ते १९७९ टीव्हीवर लिंडा कार्टरनं तिला घराघरात नेलं. पण माझं ऐकाल तर दोर कंबरेलाच राहू द्या. दोन्ही मनगटं छातीपुढं फुलीसारखी धरलेली काढा. त्या कड्यांवर ती गोळ्या अडवते. तिची कलती मान ती आहे.

दुसरी, माझ्या मते वंडर वुमनच्या तोडीची, स्टॉर्म. एक्स-मेन म्हणजे जन्मजात अचाट शक्ती असलेल्यांची तुकडी, १९७५ मध्ये तिच्या नव्या फळीबरोबर आली. खरं नाव ओरोरो, आई केनियाची, बालपण कैरोच्या रस्त्यांवर. वारा, पाऊस, वीज तिच्या हुकमात. पुढं ती त्या सगळ्या तुकडीची म्होरकी झाली, आणि कुणाची बायको-बहीण म्हणून नव्हे, स्वतःच्या वकुबावर. काळी त्वचा, पांढरेशुभ्र केस, आणि शक्ती वापरताना पांढरे होणारे डोळे. सावलीत हे दिसणार नाही हे मान्य. पण तिच्या हातातून वीज निघताना काढा, मग बघा. शिवाय दादा, त्या भिंतीवर सगळ्या गोऱ्याच नकोत.

सुपरगर्ल (१९५९) आणि बॅटगर्ल खूप लोकप्रिय आहेत, पण त्यांची खूण उसनी आहे. छातीवरचा एस चुलतभाव सुपरमॅनचा, वटवाघूळ बॅटमनचं. म्हणून तुमच्या मुली अडखळल्या. तरी बॅटगर्लसाठी एक आग्रह धरतो. बार्बरा गॉर्डन, १९६७ च्या जानेवारीच्या अंकात आली. दिवसा ती ग्रंथपाल, रात्री बॅटगर्ल. १९८८ च्या एका कथेत बॅटमनचा वैरी जोकर यानं तिला गोळी घातली आणि तिचे पाय गेले. तिथं तिला संपवून टाकायचा विचार होता म्हणा ना. पण किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या जोडीला ते पटलं नाही. त्यांनी तिला 'ओरॅकल' केलं. चाकाच्या खुर्चीत बसून, संगणकासमोर, साऱ्या नायकांना वाट दाखवणारी. बारावीच्या मुली रात्री दोनपर्यंत पुस्तकासमोर बसतात, त्यांना ही कळेल. आणि चाकाच्या खुर्चीची सावली चुकवायची म्हटलं तरी चुकणार नाही.

हार्ली क्विन सोडा. ती १९९२ च्या बॅटमन कार्टूनमध्ये जोकरची साथीदार म्हणून जन्मली, कॉमिक्समध्ये नंतर आली. जोकरनं तिला किती छळलं हे वाचलंय म्हणून सांगतो, त्या भिंतीवर ती नको.

शिडी_नको_लिफ्ट_द्या

कॅप्टन मार्व्हल राहिली की! कॅरोल डॅन्व्हर्स. १९६८ पासून आहे, १९७७ मध्ये मिस मार्व्हल नावानं स्वतःचं कॉमिक मिळालं आणि २०१२ मध्ये कॅप्टन मार्व्हल झाली. २०१९ चा सिनेमा मुलींनी पाहिलेला असणार. निळा-लाल पोशाख, छातीवर सोनेरी तारा. मुठी आवळून वर उडताना काढा, हातांभोवती पिवळा उजेड.

तपोवनची_ताई

पेंटरदादा, मी शाळेत ग्रंथालय सांभाळते, त्यामुळे मुली पुस्तक कसं निवडतात ते रोज बघते. कॅप्टन मार्व्हल त्या बघतात आणि परत ठेवतात. कमला खान मात्र घरी नेतात, आणि मुदत संपली तरी परत आणत नाहीत.

कमला २०१३ मध्ये ओझरती दिसली आणि २०१४ मध्ये तिचं स्वतःचं कॉमिक आलं. अमेरिकेतल्या जर्सी सिटीतल्या पाकिस्तानी घरातली सोळा वर्षांची पोरगी. आई रागावते, रात्री बाहेर जायचं नाही, मैत्रिणींच्या पार्टीला नाही. संपादक सना अमानत स्वतः तशाच घरात वाढलेल्या, त्यांच्या आठवणींतून ही कल्पना निघाली. लिहिलं जी. विलो विल्सन यांनी, चित्रं एड्रियन अल्फोना यांची. पहिल्या खंडाला विज्ञानकथांसाठीचा २०१५ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. मला त्यातली एक गोष्ट सांगायचीच आहे. अंग हवं तसं बदलायची, लहानमोठं करायची शक्ती मिळाल्यावर कमला आधी कॅप्टन मार्व्हलसारखी होते, तशीच उंच आणि सोनेरी केसांची, कारण तिला तेच सुंदर वाटत असतं. आणि त्या रूपात तिला धड हालचालही सोसत नाही. बूट टोचतात, केस तोंडावर येतात. मग ती हळूहळू आपल्याच अंगानं लढायला शिकते. माझ्या एका विद्यार्थिनीनं ते पान उघडून माझ्यापुढं धरलं आणि काहीच बोलली नाही.

तिची खूण सोपी आहे, अंगापेक्षा मोठी झालेली मूठ आणि गळ्यातला लांब लाल स्कार्फ. तुमच्या सावलीतही ओळखू येईल.

आपल्याकडची प्रियाही लक्षात घ्या. दिल्लीतल्या २०१२ च्या घटनेनंतर राम देविनेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये आणली. तिच्यावर अत्याचार होतो, घरचेच तिला दोष देतात, आणि मग पार्वतीच्या बळावर ती उभी राहते. वाघावर बसून गावात परत येते. वंडर वुमनइतकी ती कुणाला माहीत नाही हे खरं, पण वाघावर बसलेली साडीतली मुलगी काढली तर कळवणची पोर क्षणभर थबकेलच.

गोदाकाठ

मग सरळ सप्तशृंगीच काढा ना सहाव्या कप्प्यात. नाशिकमध्ये तिच्याहून मोठी कोण?

गेरू_पंचवटी

@गोदाकाठ, भाऊ, भावना कळली. पण देवी मी कंपाउंडच्या भिंतीवर काढत नाही. खाली पाणी साचतं, चपला काढून ठेवतात, पावसात चिखल उडतो. वडिलांपासून चालत आलेला नियम आहे, तो मोडायचा नाही.

बाकी सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं ते कमलाचं मी बाईंना वाचून दाखवलं, त्यांनी फोनवर उतरवून घेतलं.

पेटीवाल्या दादांचं आणि ताईंचं वाचून परवा नव्या सावल्या केल्या. वंडर वुमन मनगटं फुलीत. स्टॉर्म हात पसरून, दोन्ही तळव्यांतून वीज. कमला मोठ्या मुठीची. ओरॅकल खुर्चीत. प्रिया वाघावर. सहावी मी भाचीच्या यादीतून घेतली, एक्स-मेनमधलीच जीन ग्रे. १९६३ पासूनची आहे, पण मला तिचं फिनिक्स, म्हणजे आगीच्या पक्ष्याचं रूप हवं होतं. त्या पक्ष्याचे पंख दहा फुटांचा कप्पा पुरा भरतात, आणि नारिंगी-पिवळा असा मिसळायला मिळणं म्हणजे पेंटरचं भाग्य. स्यू स्टॉर्मवरही जीव बसला होता, १९६१ पासूनची अदृश्य बाई, पण न दिसणारी बाई भिंतीवर काढू कशी? कॅप्टन मार्व्हलवाल्यांनी राग मानू नये.

यावेळी मुलींनी सहातल्या चार ओळखल्या. प्रिया कुणालाच माहीत नव्हती, पण तिच्यासमोरच त्या सगळ्यात जास्त वेळ उभ्या होत्या. ओरॅकलपाशी पेठची एक मुलगी थांबली. तिची आजी अशाच खुर्चीत आहे म्हणाली, आणि मला सांगितलं की मागचं चाक तुम्ही लहान काढलंय, ते मोठं असतं, हातानं तेच फिरवतात. मी तिथंच तिच्याकडून गेरूनं गोल मारून घेतला. एका दमात मारला, बरोबर आला.

आता शेवटची अडचण. स्टॉर्मचे केस पांढरे आणि माझा प्रायमरही पांढरा. मागं काळपट निळं आभाळ टाकणार आहे. पण जुन्या एका चित्रात तिचे केस दोन्ही बाजूंनी भादरून मधेच उभे ठेवलेले दिसले. १९८३ चं आहे असं भाची म्हणते. मुलींमध्ये त्यावरून दोन तट पडलेत, निम्म्यांना लांब केस हवेत, निम्म्यांना ते उभे. पेटीवाले दादा, लोक तिला जास्त कशावरून ओळखतात, तेवढं आज रात्रीपर्यंत सांगा. सकाळी सातला परांची बांधतोय.

जुनी_पेटी

भाचीचं बरोबर आहे, १९८३ चंच. लांब केसांवरून जास्त ओळखतात. पण ते केस तिनं स्वतःच्या मनानं कापले होते, हेही त्या मुलींना सांगा आणि मग त्यांना ठरवू द्या.