आरांचिनी तेलात सोडली की फुटते, उद्या संध्याकाळी पाहुणे आहेत, मदत हवी!

मोरपिशी | शनिवार, सकाळी १०:४०

उद्या संध्याकाळी नाताळनिमित्त घरी पंचवीस माणसं येणार आहेत. जेवणाआधी हातात धरून खायला आरांचिनी (सारण भरून तळलेले इटालियन भाताचे गोळे) करते असं मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलंय. आज सकाळी सहा तळून पाहिल्या. पाच फुटल्या. आधी बारीक चीर पडते, मग चीज बाहेर येतं आणि तेल इतकं उडतं की जवळ उभं राहवत नाही. सहावी फुटली नाही, पण ताटलीत ठेवल्याबरोबर बसली.

तांदूळ अर्बोरिओच आहे, इटलीचा आखूड, जाड दाण्याचा. मोझरेला घातलंय, केशर घातलंय, वरून ब्रेडचा चुरा. सगळं नीट केलंय. "त्यापेक्षा दुसरं काहीतरी करा" हे कृपा करून सांगू नका. काय चुकतंय तेवढं सांगा, जरा लवकर.

कढईकाठी | १०:५२

"सगळं नीट केलंय" यावरून काय कळणार? भात किती गार केला होता? मोझरेला पाण्यातलं की कोरडं? चुरा कशावर चिकटवला? तेल किती तापलं होतं, भांडं कसं होतं, एका वेळी किती सोडल्या?

लिंबूपान | ११:०१

ओव्हनमध्ये भाजा. फुटायचा प्रश्नच मिटतो. २०० अंशांवर २०-२५ मिनिटं, वरून तेलाचा हात फिरवायचा आणि मध्ये एकदा उलटायच्या. मी तळणं केव्हाच सोडलं. घरभर वास नाही, आणि पाहुणे आल्यावर कढईपाशी उभं राहायला नको.

मोरपिशी | ११:०६

भाजलेल्या नको आहेत, तळलेल्याच हव्यात.
@कढईकाठी भात रात्रभर गार केला. मोझरेला ताजं, पाण्यातलं. आधी अंडं, मग चुरा. तेल चांगलं तापलं होतं. भांडं बसकं आहे, आरांचिनी अर्धी बुडेल इतकं तेल घेतलं आणि सहाही एकदम सोडल्या.

कढईकाठी | ११:१५

मग निम्मी चूक तिथेच आहे. अर्धी बुडाली की खालची बाजू कडक होते आणि वरची ओलीच राहते. आतली वाफ त्या ओल्या बाजूने वाट काढते. तुम्हाला दिसलेली चीर ती हीच. अरुंद आणि खोल भांडं घ्या, आरांचिनी पूर्ण बुडायला हवी. तेल १७० ते १८० अंश. थर्मामीटर नसेल तर चुऱ्याची चिमूट टाका: लगेच बुडबुडे यायला हवेत, पण चुरा लगेच काळपट पडायला नको. एका वेळी तीनच सोडा. सहा गार गोळे एकदम पडले की तेल निवतं, आवरण घट्ट व्हायला उशीर होतो आणि तोवर आतलं चीज वितळून जातं.

रानवारा_७ | ११:२४

तेलापेक्षा आवरण बघा. अंडं काढून टाका. इटलीच्या सिसिली बेटावर बऱ्याच ठिकाणी मैदा आणि पाण्याचं पातळ पीठ करतात, त्याला पास्तेल्ला म्हणतात. २०० ग्रॅम मैदा, ३०० मिली पाणी, चिमूटभर मीठ, गुठळ्या राहू द्यायच्या नाहीत. गोळा त्यात बुडवायचा, जास्तीचं पीठ निथळू द्यायचं आणि बारीक कोरड्या चुऱ्यात घोळवायचा. हे पीठ भाताच्या दाण्यांमधल्या फटी भरून काढतं. अंडं नुसतं वरून ओघळतं.

शुभ्रकमळ | ११:३१

अंडं ओघळतं हे मला पटत नाही. मी गेली कित्येक वर्षं अंडंच लावते. मैदा, अंडं, चुरा आणि पुन्हा अंडं, चुरा. दोनदा केलं की एकही फुटत नाही, रंगही जास्त छान येतो.

रानवारा_७ | ११:३६

दोनदा केलंत की आवरण जाड होतं आणि खाताना भाताआधी चुराच लागतो. पीठ एकदाच लावायचं असतं. उद्या त्यांना पन्नासेक करायच्या असतील, शंभर वेळा अंड्यात हात घालायचा का?

शुभ्रकमळ | ११:४०

जाड होत नाही, चुरा बारीक असेल तर. कोणती पद्धत सोपी असं त्यांनी विचारलेलं नाही. फुटू नये म्हणून काय करायचं, हे विचारलंय.

दुपारची_झोप | ११:४८

सिसिलीतल्या पालेर्मोला मी १३ डिसेंबरला होते, सांता लुचिया या संतिणीचा दिवस. त्या दिवशी तिथे ब्रेड आणि पास्ता खात नाहीत. दुष्काळात धान्याचं जहाज बंदरात आलं आणि भुकेल्या लोकांनी पीठ दळायचीही वाट न पाहता गहू तसेच उकडून खाल्ले, अशी कथा सांगतात. म्हणून त्या दिवशी उकडलेल्या गव्हाची कुच्चिआ करतात आणि जोडीला आरांचिने. सकाळपासून दुकानांपुढे रांगा असतात. मांसाच्या रश्शाची असते तिला "अक्कार्ने" म्हणतात आणि हॅम-चीजची असते ती "अब्बुर्रो". आणि हो, पालेर्मोत ती आरांचिना आहे, स्त्रीलिंगी. आरांचा म्हणजे संत्रं, तेही त्यांच्याकडे स्त्रीलिंगीच. आकारही संत्र्यासारखा गोल.

बिनसाखर | ११:५५

सिसिलीच्याच पूर्वेकडच्या कातानियात मात्र तो आरांचिनो, पुल्लिंगी, आणि टोकदार. तिथे वांग्याचा "आल्ला नोर्मा" मिळतो आणि पिस्त्याचाही. पालेर्मोचं तेवढं खरं असं कोणी सांगू नये.

दुपारची_झोप | ११:५९

मी "पालेर्मोत" असंच लिहिलंय. पण नाव संत्र्यावरून आलं असेल तर स्त्रीलिंगी आणि गोल हेच मूळ, हे माझं मत कायम आहे.

बिनसाखर | दुपारी १२:०४

अकाडेमिया देल्ला क्रुस्का या इटालियन भाषेच्या संस्थेने २०१६ मध्ये यावर सविस्तर लिहिलंय. दोन्ही रूपं बरोबर आहेत. बेटाच्या पश्चिमेला स्त्रीलिंगी, पूर्वेला पुल्लिंगी.

मोरपिशी | १२:०७

लिंगाचं नंतर बघू या, प्लीज! माझ्याकडे ५०० ग्रॅम तांदूळ उरलाय. मीठ-मसाला, सारण, सगळं जमलंय. आज दुपारी पुन्हा करून पाहिलं आणि परत फुटल्या तर उद्या काय देऊ? खोल भांडं घेते. अंडं की पीठ, एकच काय ते सांगा.

चिमूटमीठ | १२:१२

मोरपिशी, आवरणाचं ठरवण्याआधी एक सांगा. भात नेमका कसा शिजवलात? एकेक पायरी लिहा. सहावी फुटली नाही तरी बसली, असं तुम्ही म्हणालात. आवरण कच्चं असेल तर गोळा फुटतो. बसतो तो भातामुळे.

मोरपिशी | १२:१५

नेहमीसारखाच. तांदूळ तीन पाण्यांनी धुतला, भरपूर उकळत्या पाण्यात शिजवला, चाळणीत निथळला. मग लोणी, चीज आणि दुधात भिजवलेलं केशर घातलं. दाणा न् दाणा मोकळा झाला होता, अगदी छान.

चिमूटमीठ | १२:२९

हेच शोधत होते! आपला हात तांदूळ न धुता पातेल्याकडे जातच नाही, त्यामुळे हे लिहायचं तुम्हाला सुचलंही नसेल. पण आरांचिनीसाठी तांदूळ धुवायचा नाही. अर्बोरिओ घ्यायचा तो त्याच्या पिठुळ स्टार्चसाठी. भात गार झाला की तोच स्टार्च घट्ट होतो आणि गोळा धरून ठेवतो. तुम्ही थोडा धुताना घालवलात आणि उरलेला निथळलेल्या पाण्याबरोबर गेला. एरवी मोकळा भात छान, इथे तोच नडला.

आता असं करा. रुंद पातेल्यात थोड्या लोण्यावर बारीक कांदा परता, कोरडा न धुतलेला तांदूळ घालून दोन मिनिटं हलवा. मग तांदळाच्या साधारण अडीचपट गरम स्टॉक, म्हणजे ५०० ग्रॅमला सव्वा लिटरच्या आसपास. केशर या स्टॉकमध्येच घाला, रंग आतपर्यंत जातो. मंद आचेवर सगळा स्टॉक भातात मुरू द्या. निथळायचं काही उरता कामा नये. रिसोट्टो (इटालियन मऊ भात) ताटात पसरतो, हा भात त्याहून घट्ट हवा, चमचा उभा राहील इतका. गॅस बंद करून ५० ग्रॅम लोणी आणि १०० ग्रॅम किसलेलं चीज मिसळा. अंडं घालू नका. भात सैल असला की लोक अंड्याने सावरायला जातात आणि तो आणखी सैल होतो.

मग मोठ्या परातीत किंवा ट्रेमध्ये बोटभर जाडीचा थर पसरा. वाफ गेली की वर चिकटून बसेल असं प्लॅस्टिक लावून फ्रिजमध्ये ठेवा. निदान दोन-तीन तास. कोमट भाताचे गोळे वळू नका, हाताला जमल्यासारखे वाटतात पण तेलात सुटतात.

दुसरी चूक मोझरेल्याची. पाण्यातल्या ताज्या मोझरेल्यातून गरम झाल्यावर पाणी सुटतं, त्या पाण्याची वाफ होते आणि ती आवरण फोडते. कोरडं मोझरेला किंवा काचोकावालो (इटलीचंच घट्टसर चीज) घ्या. ताजंच वापरायचं असेल तर तुकडे करून चाळणीत, फ्रिजमध्ये, रात्रभर निथळत ठेवा आणि वळताना टिपून घ्या. रस्सा घालणार असाल तर तोही आटवून, गार करून.

कढईकाठी | १२:३४

चिमूटमीठ यांचं बरोबर आहे, मी तांदूळ धुतला का हे विचारायला हवं होतं. पण भांड्याचंही सोडू नका, भात चांगला असला तरी अर्ध्या तेलात फुटेल.

मोरपिशी | १२:३८

खरंच धुवायचा नाही?? हे कुठेच वाचलं नाही! बरं, कालचा उरलेला भात आहे अजून बराच, पन्नास टक्के तरी. ओट्यावरच आहे, झाकून. त्याला थोडं पीठ लावून बांधला तर चालेल ना? टाकवत नाही.

चिमूटमीठ | १२:४०

रात्रभर ओट्यावर? म्हणजे "रात्रभर गार केला" तो फ्रिजबाहेर? टाका.

पोपटी | १२:४६

इतकं घाबरायचं कारण नाही. रात्रीचा भात सकाळी मी कितीतरी वेळा खाल्लाय. शिवाय तळल्यावर सगळं मरतंच.

चिमूटमीठ | १२:५३

सगळं मरत नाही, पोपटी. शिजवलेल्या भातात बॅसिलस सेरेउस नावाचे जिवाणू वाढतात. त्यांचे बीजाणू शिजवण्यातून वाचतात, आणि भात तासन्‌तास बाहेर राहिला की ते वाढून विष तयार करतात. त्यातलं उलट्या करवणारं विष तळून जात नाही. वासावरून, चवीवरून कळतही नाही. तुम्हाला आजवर काही झालं नाही हे चांगलंच आहे, पण हा भात पंचवीस माणसांपुढे जाणार आहे आणि त्यांत मुलं, म्हातारी माणसं असतील. शिजलेला भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे. पसरून गार करायचा तो त्यासाठीही.

मोरपिशी | १२:५८

टाकला. वाईट वाटलं पण टाकला. पन्नास लहान आरांचिनींना किती तांदूळ लागेल?

चिमूटमीठ | दुपारी १:०३

एकीला ४० ग्रॅम शिजलेला भात धरा, म्हणजे दोन-तीन घासांची होते. ७५० ग्रॅम तांदूळ पुरेल. अजून २५० आणा.

लिंबूपान | १:१०

अजूनही सांगते, भाजा. पन्नास आरांचिनी तीन-तीनच्या घाण्याने तळायला किती वेळ लागेल याचा विचार केलाय का?

रानवारा_७ | १:१४

तळून ठेवता येतात की. पाहुणे यायच्या दोन तास आधी तळा, जाळीवर ठेवा, कागदावर नको, खालून ओल्या होतात. द्यायच्या वेळी १८० अंशांच्या ओव्हनमध्ये १०-१२ मिनिटं. म्हणजे लिंबूपान यांचा ओव्हनही कामाला येईल.

बिनसाखर | १:२२

रोमला जाणारे असाल तर सुप्लीही खाऊन या. टोमॅटोच्या रश्श्यात शिजवलेला भात, लांबट आकार, मधोमध मोझरेला. मोडली की दोन तुकड्यांमध्ये चीजची तार ताणली जाते, टेलिफोनच्या वायरसारखी, म्हणून "सुप्ली आल तेलेफोनो".

पोपटी | १:२७

गोडाला काय ठेवताय? मिलानचा पानेत्तोने (नाताळचा गोड ब्रेड) ओव्हनमध्ये जरा गरम करून मस्कार्पोने या मऊ चीजच्या क्रीमबरोबर द्या. उरला तर दुसऱ्या दिवशी लोण्यावर भाजून खायचा.

शुभ्रकमळ | १:३३

पाहुण्यांत शाकाहारी आहेत का? तुम्ही विचारलं नाहीये, पण पार्मिजानो रेज्जानो (किसून घालतात ते कडक चीज) वासराच्या पोटातल्या रेनेटवर, म्हणजे दूध विरजवणाऱ्या पदार्थावर करतात. अनेकांना हे माहीत नसतं आणि मग वाढणाऱ्यालाच अवघड होतं.

मोरपिशी | १:३६

चार जण आहेत! मी पार्मिजानोच घालणार होते. स्टॉकही चिकनचा होता!

शुभ्रकमळ | १:४१

मग सगळाच भात भाजीच्या स्टॉकमध्ये करा आणि वनस्पतिजन्य किंवा सूक्ष्मजीवजन्य रेनेटचं कडक चीज घ्या, पाकिटावर लिहिलेलं असतं. मोझरेल्याचंही पाकीट वाचा. मांसाच्या सारणाच्या टोकदार वळा, चीज-मटारच्या गोल. आकारावरूनच ओळखता येतील. तळताना आधी गोल, मग टोकदार, म्हणजे तेल वेगळं घ्यायला नको.

दुपारची_झोप | १:४४

ही कल्पना फारच आवडली. एका ताटात पालेर्मो आणि कातानिया दोन्ही.

मोरपिशी | संध्याकाळी ७:२०

भात न धुता, भाजीच्या स्टॉकमध्ये शिजवला. शिजताना चिकट झाला तेव्हा हात थरथरत होता, बिघडला असंच वाटत होतं. तीन तास फ्रिजमध्ये ठेवल्यावर सुरीने वड्या पडाव्यात इतका घट्ट झाला. कोरडं मोझरेला, अरुंद पातेलं, थर्मामीटर आणला, १७५ अंश. दोन अंड्यात केल्या, दोन पिठात.

चारांतल्या तीन अखंड. एक पिठातली फुटली, पण तिच्या पृष्ठभागावर मटार दिसत होता, तो तळताना बाहेर आला आणि मागून चीज. मोडून पाहिली तर आतून केशरी, चीजची तार आली. नवऱ्याने उभ्या उभ्या दोन संपवल्या.

रानवारा_७ | ७:२६

मटाराची चूक वळण्याची आहे, पिठाची नाही. तळहात ओला करून भाताची वाटी करा, सारण चमचाभरच ठेवा आणि वरून भाताची छोटी चकती बसवून तोंड बंद करा. कडा ओढून जुळवल्या की तिथेच पातळ राहतं.

शुभ्रकमळ | ७:३०

अंड्याच्या दोन्ही अखंड राहिल्या, याची नोंद घ्यावी.

मोरपिशी | रविवार, रात्री ११:५०

५३ वळल्या, त्यातल्या ४४ तळल्या, दोन फुटल्या. शेवटी पीठच वापरलं, वेळ कमी होता. शाकाहारी पाहुण्यांनी गोल आहेत ना हे दोनदा विचारून खाल्ल्या. चुऱ्यात घोळवलेल्या नऊ फ्रिजमध्ये शिल्लक आहेत. फ्रीझरमध्ये टाकल्या तर चालतील का?

चिमूटमीठ | सोमवार, सकाळी ६:४५

चालतील. आधी ट्रेवर सुट्या गोठवा, मग पिशवीत भरा, नाहीतर एकमेकींना चिकटतील. तळायच्या आदल्या रात्री फ्रिजमध्ये काढून ठेवा. तळण्याआधी चुरा ओलसर वाटला तर कोरड्या चुऱ्यात पुन्हा एकदा घोळवा.