मदत हवी आहे : फ्रँकलिन बूथच्या ढगांच्या रेषा गडद भागात मिसळतात

अमेरिकन चित्रकार फ्रँकलिन बूथ (१८७४–१९४८) यांच्या पेन-शाईच्या चित्रातला ढगांचा तुकडा अभ्यासासाठी उतरवतोय. त्यांची छटा मुख्यतः समांतर रेषांची जाडी आणि अंतर यांतून येते. लाकडी ठशांची छापील चित्रं पेनची समजून गिरवल्यामुळे त्यांचा हा हात बसला म्हणे!

जिलॉट ३०३ निब, इंडिया इंक वापरतो. कार्ट्रिज कागदावर निब धागे उचलते, रेष फुटते. हॉटप्रेस म्हणजे गुळगुळीत कागदावर रेष स्वच्छ येते, पण सेंटिमीटरमध्ये २० रेषा झाल्या की गडद भागात शाई एकत्र होऊन डाग पडतो. निब पुसून, शाई कमी घेऊनही तेच. फाइनलायनर नको, त्यात जाडी बदलत नाही.

छापील चित्र मुळापेक्षा लहान केलेलं असतं, म्हणून विचारतो: सराव दीडपट आकारात करू की दुप्पट? आणि गडद भागात रेषा वाढवायच्या की फक्त जाड करायच्या?