केक मधोमध खचला, कांदा उकडला, भात बरा झाला. नक्की चुकतंय काय?

नवशिकी_वाटी

मदत करा हो कुणीतरी. वय तिशीच्या पुढे, आणि आत्ता कुठे स्वतः रोज स्वयंपाक करायला लागलेय, त्यामुळे हसू नका (हसलात तरी चालेल पण उत्तर द्या). व्हिडिओ बघून, पॉज करत करत, अगदी सांगतील तस्सं करते तरी दर वेळी काहीतरी होतंच. मागच्या रविवारचे दोन पराक्रम सांगते.

पहिला केक. साधा व्हॅनिला. १८० डिग्री, ३५ मिनिटं असं लिहिलेलं. पंधराव्या मिनिटाला असा काही फुगला की मी फोटो काढायला दार उघडलं, मग परत एकदा उघडलं कारण मधे भेग पडली होती. ३५ मिनिटांनी बाहेर काढला आणि माझ्या डोळ्यांदेखत मधला भाग हळूहळू खाली गेला, वाटी बसेल एवढा खड्डा. कडा काळपट, मधे चिकट लगदा. टिन मात्र रेसिपीतल्यापेक्षा लहान होता, ८ इंची सांगितला होता, माझ्याकडे ६ इंची आहे, त्याने एवढं काय होणार?

दुसरा कांदा. "५ मिनिटांत सोनेरी होईपर्यंत परता". मी २० मिनिटं परतला, काही तुकडे करपले आणि बाकीचे उकडल्यासारखे पांढरेफटक. गॅस फुल होता. स्टीलची कढई, बुडाला सगळं चिकटलं ते वेगळंच.

भात तेवढा जमला, तोही कुकरमुळे. सगळे म्हणतात अंदाज येतो हळूहळू. तो येतो कुठून??

---

उलथनं

कांद्याचं मी सांगतो, केकवाले येतीलच मागून.

आधी ते "५ मिनिटांत सोनेरी" डोक्यातून काढून टाका, ते कुणाचंच होत नाही. फिकट सोनेरीला १०-१५ मिनिटं, आणि गोडसर गडद तपकिरी पाहिजे असेल तर मंद आचेवर अर्धा पाऊण तास. रेसिपी लिहिणारे खोटं का लिहितात माहीत नाही, बहुतेक खरं लिहिलं तर कुणी करणार नाही म्हणून.

आता झालं काय ते. कांद्यात पाणी खूप असतं. जोपर्यंत कढईत पाणी आहे तोपर्यंत तिथलं तापमान १०० डिग्रीच्या आसपासच अडकून राहतं, तुम्ही गॅस कितीही मोठा करा. आणि तपकिरी रंग, तो भाजल्याचा वास, हे सगळं साधारण १४० डिग्रीच्या पुढे जोरात सुरू होतं. म्हणजे आधी पाणी जायला पाहिजे, मग रंग. तुम्ही कढईत थरावर थर कांदा घातला असणार, खालचा गरम लोखंडासारखा आणि वरचा त्याच्या वाफेत उकडतोय. म्हणून काही करपले, काही पांढरे. पसरट भांडं घ्या, कांदा कमी घ्या, झाकण नको. मश्रूमचं पण हेच, बटाट्याच्या काचऱ्यांचं पण हेच. धुतलेली भाजी पुसून घाला, ओली टाकली की पहिली पाच मिनिटं तुम्ही नुसतं पाणी उकळत बसता.

आणि कान लावा. खरंच. सुरुवातीला ओला, जाडसर असा सुर्रर्र आवाज असतो, ते पाणी. मग आवाज बारीक आणि कोरडा होतो, चुरचुर चुरचुर, कडेला तेल वेगळं दिसायला लागतं. तिथून पुढे रंग भराभर चढतो म्हणून तिथून गॅस कमी करायचा, वाढवायचा नाही. बुडाला तपकिरी थर धरला की चमचाभर पाणी टाकून उलथन्याने खरवडा, तो थर परत कांद्यातच जातो, सगळी चव त्यातच असते. मात्र काळा झाला असेल तर सोडून द्या, कडूच लागणार.

स्टीलला चिकटतं कारण भांडं नीट तापायच्या आधी आपण तेल आणि भाजी ओततो. रिकामं भांडं मध्यम आचेवर तापवा, पाण्याचा एक थेंब टाका. पसरून फस्सकन उडून गेला तर अजून थांबा. गोळी होऊन पाऱ्यासारखा इकडेतिकडे पळायला लागला की तापलं. मग आच थोडी कमी करून तेल, आणि मग पदार्थ. टाकल्या टाकल्या हलवू नका, खालची बाजू भाजली की तो स्वतःच सुटतो, ओढून काढावा लागतोय म्हणजे झालेला नाही. हे नॉनस्टिकला करू नका हां, ते रिकामं जास्त तापवलं की कोटिंग खराब होतं.

---

मापटं_भर

केकवाली आले.

६ आणि ८ इंचात "एवढं काय" नाही, खूप काय आहे. गोल टिनचं क्षेत्रफळ वर्गाच्या हिशोबात वाढतं, ६ चा वर्ग ३६, ८ चा ६४. म्हणजे तुमच्या टिनमधे मिश्रणाची उंची जवळपास पावणेदोन पट झाली. कडा शिजून करपायला आल्या तरी उष्णता मधोमध पोचलेलीच नाही. लहान टिन असेल तर मिश्रण अर्धं-पाऊणच भरा, उरलेलं कपकेकमधे घाला.

दार उघडणं. पहिल्या अर्ध्या वेळात केक म्हणजे नुसता फेस असतो, बुडबुडे फुगलेत पण भोवतीची भिंत अजून घट्ट झालेली नाही. गार हवा आत गेली की खाली बसतो. काच आणि दिवा त्यासाठीच दिलाय, फोटो काचेतून काढा.

वेळ हा अंदाज आहे, पुरावा नाही. मधोमध काडी घाला, ओलं पीठ चिकटलं तर परत आत, दोन-चार ओलसर कण चिकटले तर झाला. वर बोटाने हलकं दाबलं की परत वर यायला पाहिजे. वरून रंग चढलाय आणि आत कच्चा असेल तर वर फॉइल सैलसर ठेवा.

आता मला हे सांगा, ओव्हन किती वेळ प्रीहीट केला (म्हणजे केक ठेवायच्या आधी रिकामा तापवला), मैदा घातल्यावर किती वेळ फेटलं, आणि मैदा मोजला कसा? कप डब्यात खुपसून भरला असेल तर तिथेच घोळ. हलक्या हाताने चमच्याने भरलेला कप साधारण १२०-१२५ ग्रॅम भरतो, तोच डब्यात दाबून काढला तर १५० पर्यंत जातो. वर कुणाचा कप २४० मिलीचा, कुणाचा २५०. म्हणून मी म्हणते वजनकाटा घ्या. बाकी काही नको, सिलिकॉनचे रंगीत चमचे तर अजिबात नकोत, काटा घ्या.

---

नवशिकी_वाटी

बापरे एवढं सगळं! कांद्याचा आवाज हे मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं.

मापटं ताई, प्रीहीट म्हणजे ओव्हनचा बाहेरचा, तापत असल्याचा दिवा गेला तसा लगेच केक ठेवला. मैदा घातल्यावर बीटरने फेटलं, गुठळ्या जाईपर्यंत, असेल ५-६ मिनिटं. कप डब्यातूनच भरला 🙈 आणि हो एक राहिलं, बेकिंग पावडर संपली होती म्हणून तेवढाच खायचा सोडा घातला. दीड चमचा. चव पण जरा साबणासारखी लागत होती पण मला वाटलं टिन नीट धुतला गेला नसेल.

---

मापटं_भर

अगं!! हे आधी सांगायचं ना, मी क्षेत्रफळं काढत बसले.

सोडा आणि पावडर एकच नाही. पावडर म्हणजे सोडाच, पण त्यात कोरडं आम्ल आणि थोडा स्टार्च मिसळलेला असतो. नुसता सोडा तिच्या तीन-चार पट तेज, आणि त्याला सोबत आंबट काहीतरी लागतं, दही, ताक, लिंबू. तुझ्या केकमधे आंबट काहीच नव्हतं आणि सोडा तिप्पट-चौपट. म्हणून पंधरा मिनिटांत तो वेड्यासारखा फुगला, भिंती धरायच्या आत बुडबुडे फुटले आणि बसला. साबणाची चव आणि काळपट रंग, दोन्ही त्याचंच, टिन बिचारा स्वच्छच होता.

पावडर जुनी झाली का बघायचं तर चमचाभर गरम पाण्यात टाका, जोरात फसफसली तर जिवंत. सोडा असेल तर पाण्याऐवजी व्हिनेगरचे थेंब.

फेटणं: बटर, साखर, अंडी हवं तेवढं फेट, तिथे हवा भरायची असते. बटर मऊ हवं पण वितळलेलं नको, बोट दाबलं की खळगा पडावा आणि बोट तेलकट होऊ नये. अंडी फ्रीजमधून थेट काढून घातली की बटर पुन्हा गोठतं आणि मिश्रण फाटल्यासारखं दिसतं, म्हणून तासभर आधी बाहेर. पण मैदा पडला की बीटर बंद. ओल्या मैद्याला घुसळलं की ग्लुटेन (मैद्यातलं चिवट प्रथिन) ताणलं जातं, ब्रेडला तेच हवं असतं, केकला नको, तो रबरासारखा होतो. स्पॅच्युलाने खालून वर उचलून फिरव, कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांब. बारीक गुठळ्या राहिल्या तर राहू देत.

आणि दिवा गेला म्हणजे आतली हवा तापली, भिंती नाही. अजून १० मिनिटं दे. आतला पंखा चालू असेल तर १८० च्या जागी १६० ठेव.

---

बोथट_सुरी

सगळं बरोबर आहे पण माझं मत वेगळं. नवीन माणसाने महिनाभर केकच्या वाटेला जाऊ नये. ओव्हनमधे गेलं की हातात काही राहत नाही, निकाल एकदम शेवटी. त्यापेक्षा अंडं घ्या. एक अंडं, मंद आच, हलवत राहायचं, आणि किंचित ओलं असतानाच भांडं खाली उतरवायचं कारण ते भांड्याच्या उष्णतेवर पुढे शिजतच राहतं. गॅसवर पूर्ण झालं म्हणजे ताटात कोरडं. चार दिवस सकाळी हेच करा, दर वेळी एकच गोष्ट बदला, आच किंवा वेळ किंवा भांडं. तुम्ही विचारताय ना अंदाज कुठून येतो, माझा तरी असाच आला. तीन गोष्टी एकदम बदलल्या की काय चुकलं ते कळतच नाही, तुमच्या केकमधे टिन, सोडा, दार, कप, सगळंच बदललेलं.

दुसरं सुरी. माझं नाव उगाच नाही. बोथट सुरीने टोमॅटो कापत होतो, साल कापलीच जाईना, जोर दिला, सुरी घसरली आणि बोटात. दोन टाके. धारदार सुरीला जोर लागत नाही म्हणून ती तुम्हाला हवी तिथेच जाते. भाजी कापायच्या पाटाखाली ओलं फडकं ठेवा, हलणार नाही. भाजी धरलेल्या हाताची बोटं आत वळवा, सुरीचं पातं बोटाच्या पेरांना घासत खाली यायला पाहिजे, नखं मागे. गोल वस्तू आधी अर्धी करा आणि सपाट बाजू खाली. तुकडे एकसारखे झाले की शिजतात पण एकदमच, तुमच्या कांद्यातला अर्धा प्रॉब्लेम तो पण असू शकतो.

---

मापटं_भर

@बोथट_सुरी अंडं आणि सुरी मान्य, केकला महिनाभर बंदी अमान्य. रविवारी केक करायची हौस आहे म्हणून तर बाई स्वयंपाकघरात आली, ती हौसच काढून घेतली तर रोजचा कांदा कशाला परतेल. ग्रॅममधे मोजून केलेला साधा केक हा उलट जास्त सोपा, त्यात अंदाज लागतच नाही.

---

चिमूटभर

घाईत आहे, एकच. मीठ शेवटी एकदम घालू नका, थोडं आधी, थोडं मधे, चाखत. आणि जास्त झालं तर बटाटा टाका म्हणतात ते काही खरं नाही, बटाटा खारं पाणी पितो पण उरलेलं तेवढंच खारट राहतं. पाणी वाढवा नाहीतर बिनमिठाचा माल वाढवा. फिकं वाटतंय पण मीठ तर पुरेसं आहे असं झालं की लिंबू पिळून बघा, नव्वद टक्के वेळा तेच कमी असतं (टक्केवारी माझ्या मनाची).

---

नवशिकी_वाटी

अपडेट देते!! काटा आणला. दोन्ही पक्षांचं ऐकलं, रोज अंडं आणि रविवारी केक. अंडं तिसऱ्या दिवशी जमलं, पहिले दोन दिवस उतरवायला धीरच झाला नाही, कच्चं राहील अशी भीती. कांद्याजवळ कान देऊन उभी राहिले तर घरच्यांना वाटलं गॅस लीक होतोय. पण तो आवाज बदलतो!! खरंच बदलतो, एकदम कोरडा होतो, आणि मी गॅस कमी केला आणि एकसारखा रंग आला. २५ मिनिटं लागली.

केक: नवीन पावडर, दार बंद, ६ इंची टिन अर्धाच भरला, उरलेल्यातून पाच कपकेक. खड्डा नाही. मधे मऊ. पण केकचं बूड करपलं, कपकेकचं नाही. टिन सगळ्यात खालच्या जाळीवर होता, कपकेक वर होते. त्यामुळे का?

---

मापटं_भर

हो. खालच्या रॉडच्या डोक्यावरच बसवलास की. मधली जाळी. टिन काळा आहे का गं? काळा टिन जास्त उष्णता ओढतो, तसं असेल तर १० डिग्री कमी कर.

---

नवशिकी_वाटी

काळाच आहे 😭